लेबलच्या मशीनवर छापलेलं सोलर

हा जो रोल फिरतोय ना, त्यावर सोलर पॅनल छापलं जातंय. खरंच छापलं, मशीनसुद्धा मुळात वाइनच्या बाटल्यांची लेबलं छापणारं. गाव न्यूकॅसल, ऑस्ट्रेलिया, सिडनीच्या उत्तरेला, मागे बंदरात जहाजं दिसतायत ती कोळसा न्यायला आलेली, जगातल्या सगळ्यात मोठ्या कोळसा बंदरांपैकी एक आहे हे. आणि त्याच गावच्या युनिव्हर्सिटीत प्रा. पॉल दस्तूर यांची टीम हे छापतेय.

आता नीट बघा. खाली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म सरकतेय, तिच्यावर शाईचा पातळ थर बसतोय. शाई म्हणजे विरघळवलेलं पॉलिमर, विजेला वाट देणारं प्लास्टिक (अशा प्लास्टिकच्या शोधाला 2000 सालचं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालंय). त्यात दोन पदार्थ असतात, ऊन पडलं की एक इलेक्ट्रॉन सोडतो, दुसरा झेलतो, आणि दोघं अगदी बारीक मिसळलेले लागतात कारण उन्हाची ऊर्जा त्यात दहा-एक नॅनोमीटरच (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) चालते, तेवढ्यात झेलणारा भेटला नाही तर गेली वाया. मग वाळवायचं, पुढचा थर, वीज बाहेर नेणारे इलेक्ट्रोड, शेवटी दोन्हीकडून सील. नेहमीच्या सिलिकॉनच्या पॅनलला लागते तशी हजार डिग्रीच्या वरची भट्टी कुठेच नाही, मजा तर इथेच आहे! तयार पट्टी चिप्सच्या पाकिटासारखी, खर्चाचा टीमचा अंदाज चौरस मीटरला 10 ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा कमी.

हे ब्रिस्बेनमधल्या एका कंपनीचं छप्पर. 200 चौरस मीटर, पाच माणसं, एका दिवसात काम फत्ते. आणि या लांबलचक पट्ट्या, प्रत्येकी 18 मीटर, टेस्लाची इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायला जमिनीवर सरळ अंथरायच्या, काम झालं की गुंडाळून डिकीत.

मग घरोघरी का नाही? लॅबमधल्या अशाच नखाएवढ्या सेलची एफिशियन्सी, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेची किती वीज होते ते, 19 टक्क्यांच्या वर गेलीय, या छापील पट्ट्यांची मात्र दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच. रोल धावत असताना नॅनोमीटरमधला थर सगळीकडे सारखा बसवायचा, एक बारीकसं भोक राहिलं की तिथे शॉर्ट. लॅबमधले बरेच रेकॉर्ड क्लोरीनवाल्या विषारी सॉल्व्हंटवर (ज्यात पॉलिमर विरघळवतात तो द्रव) झालेत, ते फॅक्टरीत पिंपं भरभरून कोण वापरू देणार. ऊन, ओल, ऑक्सिजन तर पॉलिमर खातातच, आणि ते अडवणारी चांगली फिल्म महाग पडते. अमेरिकेत कोनार्का कंपनीने पोलरॉइड या कॅमेरा कंपनीच्या जुन्या कारखान्यात असंच छापायला घेतलं होतं, 2012 मध्ये दिवाळं निघालं, तोवर सिलिकॉनही स्वस्त झालेलं.

पण जिथे काचेच्या पॅनलचं वजन पेलतच नाही, हलके पत्रे, तंबू, वादळानंतरचे कॅम्प, तिथे दोन टक्केही चालतात, आणि तेवढ्यासाठी मशीन तर इथे चालू आहेच.