नाईक, शेवटी 'के'

फोंड्यातल्या आमच्या घरात, देवखोलीला लागून असलेल्या कपाटात ही निळी फाईल असते. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा अमेरिकेचा नागरिक, राहणार ओहायोचा. लग्न झालं म्हणून बायको विमानात बसून त्याच्याकडे जाऊ शकत नाही. आधी त्याने तिकडच्या स्थलांतर खात्याकडे आय-१३० नावाचा अर्ज करायचा: ही माझी बायको, हिला माझ्याकडे येऊ द्या. आणि हे लग्न खरं आहे, हे दोघांनी कागदांनी दाखवायचं. ज्या माणसाने आपल्याला कधी पाहिलेलं नाही, त्याला.

सुरुवात लग्नाच्या दाखल्यापासून. गोव्यात १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आजही लागू आहे. लग्न हा इथे दिवाणी करार. निबंधकाकडे दोनदा सही करायची. पहिली सही म्हणजे फक्त इरादा. मग काही दिवसांची मुदत, कुणाचा आक्षेप असेल तर त्यासाठी. त्यानंतर दुसरी सही, आणि तीच लग्न. पहिली सही करून सगळं झालं असं समजणारे लोक मी पाहिलेत. दाखला मागायला गेल्यावर त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. आमच्या जावयाने दोन सह्यांसाठी रजा वाढवून घेतली. देवळातलं लग्न त्यानंतर.

आता हा कागद बघा. माझ्या बाबांचा तेओर, म्हणजे जन्मनोंदीची पूर्ण नक्कल. साल १९५७, भाषा पोर्तुगीज. आडनाव नाईक, पण शेवटी 'के' नाही; क्यू-यू-ई. पोर्तुगीज लेखनात 'के' जवळजवळ नव्हताच. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला तेव्हा बाबा चार वर्षांचे होते. पुढे मराठी शाळेत गेले आणि त्यांच्या आडनावाला 'के' मिळाला. बहिणीच्या जन्माच्या वेळी आजोबांनी या जुन्या तेओरावरून बाबांचं नाव लिहून दिलं. त्यामुळे तिच्या जन्मदाखल्यात वडील क्यू-यू-ईवाले, आणि पासपोर्टात 'के'वाले. घरात कुणाला हे कधी खटकलं नव्हतं. परक्या अधिकाऱ्याला मात्र ते दोन वेगळे बाप दिसू शकतात.

बाबांनी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं, की दोन्ही नावांचा माणूस मी एकच. सही करताना त्यांचा हात थांबला. म्हणाले, "माझ्या बापसाने दिलेलं नाव चुकीचं म्हणून लिहायचं नाही हं." वकिलांनी वाक्य बदललं. 'चूक' काढून तिथे 'लेखनभेद' घातलं.

नावाचा आणखी एक पेच होता. लग्नात जावयाने तांदळाच्या ताटात अंगठीने बहिणीचं नवं नाव लिहिलं. महिनाभर देवनागरी गिरवून आला होता. अल्बमवर तेच नाव छापलंय. दाखल्यावर आणि पासपोर्टवर मात्र माहेरचंच. अर्जात 'इतर नावं' असा एक रकाना असतो. बरीच चर्चा करून आम्ही तांदळातलं नाव तिथे लिहिलं. लपवायचं काय त्यात?

इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर लागतं. त्यावर भाषांतरकाराने लिहून द्यायचं, की मला दोन्ही भाषा येतात आणि हे पूर्ण व अचूक आहे. लग्नपत्रिकेचं भाषांतर आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी केलं. 'आमचे येथे श्रीकृपेंकरून' या तीन शब्दांवर त्यांनी अख्खी संध्याकाळ घालवली. एकही शब्द गाळला नाही, अहेराची तळटीपसुद्धा.

मग पुरावे. चवथीत माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, उभा असलेला जावई, हातात झांजा. विमानाची तिकिटं. रात्रीचे फोन, दोन घड्याळांत साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. आईने प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने तारीख घातली.

पैशाची बाजू जावयाची. आय-८६४ म्हणजे पोसण्याची हमी. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी हवं, सोबत कराचे कागद; कमी पडलं तर दुसरा जामीन. ही हमी घटस्फोटानेही सुटत नाही. बायको नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या साधारण दहा वर्षांची नोंद भरेपर्यंत, ती मानेवर असते. तो हे वाचून सही करतो, याचं मला मोठं समाधान वाटलं.

मधल्या काळात एक एजंट भेटला. म्हणाला, टुरिस्ट व्हिसावर पाठवा, तिथे गेल्यावर बघू. आम्ही उठून आलो. व्हिसासाठी खोटं बोलल्याचं सापडलं, तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात. ताटातुटीने कावलेल्या पोरांना असा सल्ला देणं हे पाप आहे.

पणजीहून पोलिसांचा दाखला आला. वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत मुंबईला. कोकणकन्येने संध्याकाळी मडगाव सोडलं. फाईल बहिणीच्या उशाखाली. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या खिडकीशी तिला विचारलं, ओळख कशी झाली? सासूबाई काय करतात? क्यू-यू-ईबद्दल एक शब्दही नाही. प्रतिज्ञापत्र वाचलं, बाजूला ठेवलं. पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर.

ती आता ओहायोत आहे. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पोचली, म्हणून ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच, सशर्त. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा पुरावे लावायचे. परवा तिने तिथल्या चवथीचा फोटो पाठवला. माटोळीला दुकानातली सफरचंदं आणि मक्याची कणसं. बाबांनी तो फोंड्यात छापून घेतला, मागे तारीख घातली, खाली दोघांची नावं लिहिली आणि फोटो निळ्या फाईलमध्ये सरकवला.