कच्चं मडकं

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीनं मला ‘नम्रता’ हा विषय दिला, तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. म्हणून आधी नामदेवांबद्दल बोलतो, स्वतःवर नंतर येतो.

तेरच्या गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली होती, ती गोष्ट लहानपणी ऐकली असेलच. मुक्ताबाईनं विचारलं, “काका, हे थापटणं कशाला?” काका म्हणाले, “मडकं पक्कं की कच्चं, ते कळतं यानं.” मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं पडायला लागलं. बाकीचे निमूट बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं!

मला आवडतो तो पुढचा भाग. नामदेव रुसून पंढरपूरला गेले आणि त्यांनी विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घातलं. तर विठ्ठलानंही गोरोबांचीच बाजू घेतली! प्रत्यक्ष देवाशी बोलणारा हा माणूस, त्याला आता काय शिकायचं राहिलं होतं? पण ते उठले आणि विसोबा खेचरांकडे शिष्य म्हणून गेले. पुढे ते पार पंजाबपर्यंत पोचले. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत.

आपल्याकडे नम्रता म्हणजे ‘माझा फक्त खारीचा वाटा’ असं म्हणायचं आणि मग दहा मिनिटं त्या वाट्याचं वर्णन करायचं. (मीही याच मंचावरून ते केलंय.) चारचौघांत ‘मला येत नाही’ म्हणणं फार जड जातं.

मागच्या हिवाळ्यात, वयाच्या 54व्या वर्षी, मी पोहायला शिकायला गेलो. वर्गातली बाकीची मंडळी सहा-सात वर्षांची. शिकवणारी मुलगी एकोणीसची. पाणी माझ्या कमरेएवढं. ती म्हणाली, तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढा. मी तिला सांगितलं की मी इंजिनिअर आहे, वस्तू पाण्यावर का तरंगते ते मला ठाऊक आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “छान. आता बुडबुडे.”

शेजारचा दात पडलेला पोरगा फिदीफिदी हसला.

घरी येऊन मी बायकोकडे तक्रार केली. तिनं त्या मुलीचीच बाजू घेतली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो. नाक कसं धरायचं ते त्या पोरानंच दाखवलं. खोल पाण्यात मला अजून सोडत नाहीत.