ओंडका कुठे अडला, प्लायवूड कुठून निघालं

पडद्यावरच्या आलेखात दोन रेषा आहेत. तांबडी इंडोनेशियाची, निळी मलेशियाची. कोणत्या वर्षी कोणी किती प्लायवूड परदेशी विकलं, ते त्या सांगतात. १९८०च्या आधी तांबडी रेषा अगदी तळाला आहे. तेव्हा बोर्निओ बेटाच्या जंगलातले मेरांती वृक्षाचे ओंडके अख्खेच जहाजावर चढत आणि त्यांचं प्लायवूड जपान, कोरिया, तैवानच्या कारखान्यांत होई.

१९८५मध्ये इंडोनेशियाने ओंडक्यांची निर्यात पूर्ण बंद केली. लाकूड हवं असेल तर तयार माल घ्या! जंगलाचे ठेके ज्यांच्याकडे होते, त्यांना कारखाने काढणं भाग पडलं. बोर्निओतल्या सामारिंदा, बंजारमासिन या शहरांत नदीकाठी ते उभे राहिले आणि तांबडी रेषा सरळ वर गेली. नव्वदीच्या सुरुवातीला आकडा वर्षाला ९० लाख घनमीटरच्या आसपास पोचला होता.

कारखान्यात ओंडका लेथवर गरगरतो, लांब पातं त्याला टेकतं आणि लाकडाचा पापुद्रा सलग सुटत जातो. तो वाळवायचा, गोंद लावायचा, एका थराचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे रचायचे आणि हॉट प्रेसखाली दाबायचं. ओंडका जितका जाड नि सरळ, तितका पापुद्रा अखंड निघतो. म्हणून तर सगळ्यांना मेरांती हवी होती.

यातला बराच माल जपानला जाई, काँक्रीटच्या साच्यांसाठी. तीन बाय सहा फुटांची, १२ मिलिमीटर जाडीची शीट. आपल्याकडे स्लॅब भरताना शटरिंग प्लाय लावतात, तेच काम. पाच-सहा वेळा वापरायची आणि टाकून द्यायची. पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या झाडाचा असा शेवट व्हावा, याचं फार वाईट वाटतं.

विक्रीच्या नाड्या ‘आपकिंदो’ या प्लायवूड उत्पादकांच्या संघटनेच्या हाती होत्या. तिचे प्रमुख बॉब हसन, राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचे निकटवर्ती. आर्थिक संकटात सापडलेल्या इंडोनेशियाला जानेवारी १९९८मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी मान्य कराव्या लागल्या, त्यात ही मक्तेदारी गेली. मे महिन्यात सुहार्तोही सत्तेवरून गेले. पण रेषा उतरली ती तेवढ्यामुळे नाही. बेसुमार तोडीने जाड ओंडके दुर्मीळ झाले होते आणि १९९७-९८च्या वणव्यांनी उरलंसुरलं जंगलही होरपळलं.

तोवर निळी रेषा चढू लागली होती. बोर्निओतल्या मलेशियाच्या दोन राज्यांपैकी सबाहने १९९३मध्ये ओंडक्यांची निर्यात अडवली, सारावाकने ओंडक्यांतला वाटा स्थानिक कारखान्यांसाठी राखला. २००५च्या आसपास मलेशिया पुढे गेला. पुढे त्याचीही रेषा घसरली: तिथलं जुनं जंगलही आटलं आणि जपानी कारखाने आपल्याच देशातल्या ‘सुगी’ या सूचिपर्णी वृक्षाकडे वळले. मलेशियाची सगळी गोष्ट मात्र या आलेखात येत नाही. चीक कमी झालेली रबराची झाडं साधारण पंचवीस वर्षांनी तोडतात. पूर्वी ती सरपणाला जात, आता त्यांचं एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, होतं. प्लायवूडच्या रेषेत ते कुठून दिसणार?

गेल्या दशकात तांबडी रेषा पुन्हा वर आली, पण लाकूड बदललं होतं. जावातले छोटे शेतकरी आपल्या जमिनीत सेंगोन हा झपाट्याने वाढणारा वृक्ष लावतात. पाच-सात वर्षांत तो तोडणीला येतो. ओंडका बारीक, लाकूड हलकं, म्हणून शीटच्या आतले थर सेंगोनचे आणि वरचा पापुद्रा बहुधा दुसऱ्या, टणक लाकडाचा. आलेखात दोन्ही काळांचा घनमीटर एकाच मापाने मोजलाय. कारखान्यात मात्र जाड मेरांतीसाठी बसवलेल्या लेथच्या जागी आता बारीक ओंडका सोलणारे लेथ आलेत.