आरव्हीच्या फर्नेसमधून येणारा तार जळल्याचा वास

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर, एकदा तरी भाड्याने घेतलेले असते आणि काहींनी ते विकतही घेतले आहे. ऑक्टोबरमध्ये ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास उतरते, पुण्याहून आलेले आईवडील दोन-दोन पांघरुणे घेऊनही कुडकुडतात, कोणीतरी उठून थर्मोस्टॅट वाढवतो आणि फर्नेसच्या, म्हणजे प्रोपेन गॅसवर आरव्ही गरम करणाऱ्या यंत्राच्या, जमिनीलगतच्या जाळीतून गरम हवेबरोबर तार जळल्यासारखा वास येऊ लागतो. हा वास कशाचा असू शकतो आणि तो शोधावा कसा, याविषयी आज बोलायचे आहे.

शोध घेण्याआधी काय बंद करायचे ते पाहू. धूर दिसत असेल तर शोध वगैरे काही नाही. सर्वांना बाहेर काढावे, लांब उभे राहावे आणि ९११ ला फोन करावा. धूर नाही, पण वास प्लास्टिक वितळल्यासारखा उग्र आहे, असे असेल तर थर्मोस्टॅट बंद करावा, फर्नेसचा फ्यूज काढावा आणि सिलिंडरची तोटी बंद करावी. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कॅम्पग्राउंडच्या खांबावरून घेतलेली १२० व्होल्टची केबल उपटली म्हणून फर्नेस बंद होत नाही, कारण तिचा पंखा आणि नियंत्रण १२ व्होल्टवर चालते आणि ती वीज बॅटरी देतच राहते. म्हणून फ्यूज सापडत नसेल तर केबल आणि बॅटरीचा मुख्य स्विच, दोन्ही तोडावे लागतात. एरवी थर्मोस्टॅट बंद केल्यावर आतली भट्टी थंड व्हावी म्हणून पंखा आणखी थोडा वेळ फिरतो आणि तो फिरू द्यावा हेच योग्य. परंतु वास तारेचा असेल तर त्या पंख्याची मोटरच जळत असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी तिला आणखी एक मिनिटही वीज देण्यात शहाणपण नाही.

आता फर्नेस चालते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण वासाचा माग त्याच क्रमाने काढता येतो. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी फक्त पंखा सुरू होतो. मोटर एकच असते, पण तिच्या दांड्यावर दोन पंखे बसवलेले असतात: एक घरातली हवा ओढून भट्टीच्या तापलेल्या पत्र्यावरून झोताने पाठवतो, तर दुसरा बाहेरची हवा ज्वलनासाठी बंदिस्त कक्षात ढकलतो. झोत पुरेसा आहे याची खात्री सेल स्विच नावाचा एक छोटा स्विच करतो. त्याची पत्ती हवेने ढकलली गेली तरच पुढचे परिपथ जुळते. साधारण पंधरा-वीस सेकंदांनंतर गॅसची झडप उघडते, ठिणगी पडते आणि प्रोपेन पेटतो. फाजील तापमान झाल्यास गॅस तोडणारा लिमिट स्विच वेगळा असतो.

यावरून पहिला प्रश्न असा की वास केव्हा येतो. पंखा सुरू होताच, ज्योत पेटण्यापूर्वीच वास आला, तर संशय मोटर, वायरिंग किंवा नियंत्रण बोर्डावर घ्यावा. ज्योत पेटून काही मिनिटे झाल्यावर आला, तर तो बहुधा उष्णतेचा आहे, विजेचा नाही. हंगामातल्या पहिल्या वापराच्या वेळी उन्हाळाभर साचलेली धूळ तापलेल्या पत्र्यावर जळते आणि तिचा कोरडा, करपट वास येतो; नव्या फर्नेसमध्ये कारखान्यातल्या तेलाचा आणि रंगाचा अंश जळूनही वास येतो. खिडक्या उघडून पंधरा-वीस मिनिटे चालवले की हा वास उतरत जातो. जो वास उतरण्याऐवजी चढत जातो, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तसाच येतो, त्याला धूळ म्हणून सोडून देऊ नये.

वेळेवरून निर्णय होत नसेल तर आणखी एक चाचणी आहे; मात्र धूर नसताना, दिवसा आणि फर्नेसजवळ उभे राहूनच ती करावी. सिलिंडर बंद करून थर्मोस्टॅट वाढवावा. नळीतला उरलेला गॅस संपला की ज्योत पेटत नाही, पण पंखा निदान काही वेळ तरी फिरतोच. भट्टी थंड असताना केवळ पंख्यावरही तोच वास आला, तर धुळीचा प्रश्नच उरत नाही.

वासांमध्येही फरक असतो. चटणी वाटताना मिक्सर फार वेळ चालवला की जो वास येतो तो मोटरच्या गुंडाळीवरच्या वॉर्निशचा असतो, आणि फर्नेसची मोटर तापली की नेमका तोच वास येतो. तापलेले कनेक्टर आणि काही प्रकारचे प्लास्टिक मासळीसारखा वास सोडतात. ज्या आरव्हीत रात्री बोंबील तळले गेले असतील तेथे हा पुरावा अर्थातच वाया जातो. कुजलेल्या अंड्यासारखा वास मात्र वेगळ्या वर्गातला आहे. मूळच्या वासहीन प्रोपेनमध्ये गळती कळावी म्हणून एथिल मरकॅप्टन मिसळलेले असते, आणि जास्त चार्ज झालेल्या लेड-ॲसिड बॅटरीतूनही तसलाच वास येतो. तो आला तर कोणताही स्विच चालू किंवा बंद न करता बाहेर पडावे आणि सिलिंडर बाहेरून बंद करावा.

या विषयातला सर्वांत फसवा भाग म्हणजे १२ व्होल्टविषयी आपल्या मनात असलेला निर्धास्तपणा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. पण व्होल्टेज कमी असल्यामुळे त्याच कामासाठी प्रवाह जास्त लागतो, आणि तापवण्याचे काम प्रवाह करतो. फर्नेसची मोटर आकारानुसार साधारण ७ ते ११ अँपिअर घेते. समजा एखादी सपाट पिन रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सैल झाली किंवा तिच्यावर गंज चढला आणि त्या जागी ०.२ ओहम एवढाच रोध निर्माण झाला. १० अँपिअर प्रवाह वाहताना त्या इवल्याशा जागी २ व्होल्ट गळतात आणि २० वॅट उष्णता साठते. प्लास्टिकचे आवरण तपकिरी पडून वितळायला एवढी उष्णता पुरते. आणि फ्यूज? तो उडतच नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो. झाला तर किंचित कमीच होतो. फ्यूज शॉर्ट सर्किटपासून आणि फाजील प्रवाहापासून तारेला वाचवतो, सैल जोडापासून नाही. फ्यूज शाबूत आहे म्हणून वीज निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढणारे लोक म्हणूनच चुकतात. उलट फ्यूज वारंवार उडतो म्हणून १५ अँपिअरच्या जागी ३० चा बसवणारे तर तारेलाच फ्यूज बनवतात.

सैल जोड मल्टिमीटरने सापडतो. पंखा चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे आणि मग फर्नेसच्या जोडावर मोजावे. एका ठिकाणी १२.६ आणि दुसऱ्या ठिकाणी ११ दिसले, तर मधल्या १.६ व्होल्टची उष्णता वाटेत कोठेतरी होत आहे. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक मला संशयास्पद वाटतो. मग वीज तोडून फ्यूजची खोबण, वायर नट म्हणजे तारांची टोके जोडणारी टोपी, रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच, जमिनीची म्हणजे निगेटिव्ह तार आणि बोर्डाची पिन यांपैकी कोठे काळे पडले आहे ते पाहावे. निगेटिव्ह तार बहुतेक जण तपासतच नाहीत, प्रवाह मात्र तिच्यातूनही तेवढाच जातो. जळलेली पिन पुन्हा दाबून बसवणे ही दुरुस्ती नव्हे. पोळलेला धातू आपली पकड गमावतो, म्हणून पिन आणि तारेचा तेवढा तुकडा नवा घालावा लागतो.

जोड थंड असतील तर मोटरकडे वळावे. वीज तोडून पंखा हाताने फिरवला तर तो सहज फिरला पाहिजे. अडखळला, घासला किंवा कुरकुरला तर बेअरिंग सुकले आहे, चाक आवरणाला घासत आहे, किंवा उंदरांनी आत इन्सुलेशन आणि गवत भरून संसार मांडला आहे. अडकत फिरणारी मोटर जास्त प्रवाह ओढते आणि वॉर्निश जाळते. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर प्रत्यक्ष प्रवाह फर्नेसच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. बेअरिंगवर तेलाचे दोन थेंब सोडले तर मोटर काही दिवस गप्प बसते. पण जिचा एकदा जळका वास आला ती मोटर बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे करूनही फर्नेस निर्दोष निघाली, तर वास तिचा नसेलच. तिचा पंखा घरातली हवा ओढून घरातच पसरवतो, त्यामुळे आजूबाजूला जे जळत असेल त्याचा वास जाळीतूनच येतो. १२० व्होल्टवरून १२ व्होल्ट तयार करणारा कन्व्हर्टर अनेक आरव्हींमध्ये फर्नेसजवळच बसवलेला असतो, आणि फर्नेस चालू होताच त्याच्यावर मोठा भार येतो. शेजारचे कपाटही उघडून पाहावे. जागा वाचवण्यासाठी तेथे कोंबलेल्या पिशव्या आणि पादत्राणे गरम पत्र्याला किंवा हवेच्या नळीला टेकलेली सापडतात.

भाड्याच्या आरव्हीत यांपैकी काहीही उघडू नये. वीज आणि गॅस बंद करून मालकाच्या मदत क्रमांकावर कळवावे आणि वास केव्हा, कसा आला ते नेमके सांगावे. स्वतःच्या आरव्हीतही गॅसची झडप, बर्नर आणि ज्वलनकक्ष यांचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे, कारण तेथली चूक कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने येते आणि त्याला कोणताही वास नसतो.

फर्नेस बंद ठेवून रात्र काढायची वेळ आली तर ऊब मिळवण्यासाठी गॅसची शेगडी पेटवून ठेवू नये. खांबाची वीज असेल तर छोटा विजेचा हीटर चालतो; पण १५०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर १२.५ अँपिअर घेतो, तेव्हा तो बारीक एक्स्टेन्शनला न जोडता थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावा आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. प्लग गरम लागला तर तो सॉकेटही सैल आहे, आणि मग हीटर बंद करून जास्तीची पांघरुणे अंगावर घ्यावीत. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून करावी आणि ती करण्यापूर्वी धुराचा, प्रोपेनचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे तीनही अलार्म बटण दाबून वाजवून पाहावेत. त्यांच्या मागे छापलेली मुदत संपली असेल, तर ते वाजत असले तरी बदलावेत. नमस्कार.