चौथी डिस्क लावायच्या आधी

तर मंडळी, साधी केस घेऊ. लिनक्सचा सर्व्हर, ४-४ टीबीच्या तीन डिस्क, एमडीएडीएम या लिनक्सच्या टूलने केलेला रेड-५ ॲरे (अनेक डिस्क मिळून एक मोठी डिस्क), म्हणजे एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढायच्या हिशोबात, जाते आणि वापरायला ८ टीबी उरतात. ते भरत आले. आता चौथी ४ टीबीची लावली की १२ होतात, आणि तेही ॲरे चालू ठेवून, फाइली कुठे हलवायला नकोत. ही सोय कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २००६ पासून आहे, डेव्हलपर नील ब्राउन यांचं काम आहे ते, आणि खरंच फार मोलाचं काम आहे.

कमांड दोनच. आधी ॲड, तेव्हा नवी डिस्क नुसती स्पेअर, म्हणजे राखीव म्हणून बसते, मग ग्रो करून डिस्कची संख्या चार सांगायची. पण ग्रो दाबलं की रीशेप सुरू होतं, म्हणजे तीन डिस्कवर पसरलेला सगळा डेटा आणि पॅरिटी वाचून चार डिस्कवर नव्याने मांडायची, अगदी पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्यापर्यंत. माझा जीव इथेच अडकतो, कारण सगळे नव्या डिस्कची काळजी करतात आणि जुन्या तिघींकडे कोणी बघत नाही, आणि त्यांच्यातले कितीतरी सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे) वर्षानुवर्षं कोणी वाचलेलेच नसतात, ते आत्ता पहिल्यांदा वाचले जाणार. एका डिस्कवर वाचता आलं नाही तर पॅरिटीवरून भरून निघतं, पण त्यातच दुसरीही गेली तर ॲरे गेला. म्हणून आधी प्रत्येक डिस्कची स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-तपासणीची) लाँग टेस्ट करा, पेंडिंग, म्हणजे वाचायला अडणाऱ्या सेक्टरचा आकडा शून्य आहे का बघा, ॲरेवर एकदा चेक, म्हणजे डेटा आणि पॅरिटी जुळतात का याची तपासणी, चालवा, आणि बॅकअप घ्या, वेगळ्या मशीनवर. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी जिथे जातो तिथे सांगतो आणि सांगत राहणार.

वेळ किती लागतो? दर डिस्कला सेकंदाला ५० एमबीचा वेग धरला तर ४ टीबीला साधारण २२ तास. पण ॲरेवर दुसरं काम चालू असेल तर कर्नल रीशेपला मागे ठेवतो, आणि किमान वेग डिफॉल्टला सेकंदाला फक्त १००० केबी असतो, त्या वेगाने गेलात तर सेहेचाळीस दिवस! ॲरेची स्थिती दाखवणारी प्रॉक-एमडीस्टॅट फाइल उघडून वेग बघा, फारच कमी दिसला तर किमान वेगाची सेटिंग, स्पीड-लिमिट-मिन, वाढवा. मध्ये लाइट गेली तर कुठवर आलो ते डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे ॲरेची माहिती ठेवणाऱ्या भागात, लिहिलेलं असतं, तिथून पुढे चालू होतं, तरी यूपीएस लावाच.

आणखी एक विचारतो, तुम्हाला जागाच हवीय का? चौथी डिस्क रेड-६ करायलाही वापरता येते, जागा ८ टीबीच राहते पण दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो. डिस्क एकाच वेळी, एकाच लॉटमधल्या घेतलेल्या असतील तर मी डोळे झाकून हेच करेन.

रीशेप संपलं तरी डीएफ, म्हणजे जागा दाखवणारी कमांड, ८ टीबीच दाखवते, लोक घाबरतात. फाइलसिस्टीम, म्हणजे ॲरेवर फाइली मांडणारी रचना, वेगळी वाढवावी लागते, ईएक्सटी-४ असेल तर रीसाइझ-टू-एफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस, दोन्ही फाइलसिस्टीम माउंट, म्हणजे वापरात असतानाच चालतात. मग एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये डिस्कची संख्या तीन लिहिलेली असेल तर ती चार करा, डेबियन-उबुंटूवर इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना आधी लागणाऱ्या फाइलींचा संच, अपडेट करा, आणि तुम्ही समोर बसलेले असतानाच एकदा रीबूट करून बघा.