मरळ वर येते तेव्हा

बुळुक! ऐकलंत? परत लावतो, पाण्यावर लक्ष ठेवा. ती मरळ होती, आणि ती वर आली होती श्वास घ्यायला.

मासा असून पाण्यात बुडून मरू शकते अशी ही बाई. कल्ले आहेत, पण मोठ्या मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, कल्ल्यांच्या वर डोक्यात हवेची एक पोकळी असते, तोंड बाहेर काढून घोटभर हवा भरायची की परत खाली. जाळ्यात तळाला अडकली तर गुदमरते. पण उन्हाळ्यात डोह आटून गुडघाभर गढूळ पाणी राहतं, बाकीचे मासे उलटे पडतात, तेव्हा हीच चिखलात घुसून आरामात पावसाची वाट बघते. बाजारात घमेल्यात चार बोटं पाण्यात तासन्तास वळवळते तीपण याच जोरावर, आणि जिवंत म्हणून भाव चढा. हैदराबादला मृगाच्या सुमारास दम्यासाठी मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला देतात, गुण येतो का ते सोडा, पण पिल्लू मरळीचंच का घेतलं असेल ते कळतं.

शिकारीला ही धावाधाव करत नाही. पाणगवतात ओंडक्यासारखी पडून राहते, डोकं सापासारखं चपटं, वरून बघितलं तर काडी वाटावी. बेडूक, झिंगा, छोटा मासा टप्प्यात आला की एकच झडप. स्वतःच्या जातीची लहान पोरंही सोडत नाही.

आणि हीच पावसाळ्यात बघा. जोडी गवतात ताटाएवढी जागा साफ करते, तिथे पिवळसर अंडी तरंगतात, एकदोन दिवसांत पिल्लं बाहेर. जरा मोठी झाली की लालकेशरी, शेकडोंनी एका घोळक्यात, आणि त्यांनाही वर यावंच लागतं, त्यामुळे तेवढंच पाणी उकळल्यासारखं दिसतं. त्याच्या बरोबर खाली पालक पहाऱ्यावर. जवळ काहीही आलं की धडक, भूक असो नसो.

गळवाल्यांना हे पक्कं माहितीये. लाल घोळका दिसला की मधोमध रबरी बेडूक सोडायचा, मरळ रागाने घेतेच. मला विचाराल तर ही शिकार नाही, पण रील्स मस्त निघतात.

आता हा शॉट बघा. घोळका तसाच वर येतोय, खाली कोणी नाही, आणि वरच्या फांदीवर खंड्या येऊन बसलाय.