टिचकी मारून बघा

नमस्कार, श्रोतेहो. मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. आमच्याकडे सामान निवडायची रीत ठरलेली. टेबलावर नमुने मांडायचे, गिऱ्हाइकानं रंग बघून बोट ठेवायचं. कानानं सामान निवडणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो मिरजेत, सतारमेकर गल्लीत.

एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचं काम सोडून इथं वाद्यं घडवायला घेतली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी मात्र बघत बसले भोपळ्यांकडे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे हे कडू भोपळे वाळवून छताला टांगलेले. कारागीर एकेकावर टिचकी मारून ऐकत होते. फळाचा घेर केवढा, त्यावर तानपुरा बायकी आवाजाचा की पुरुषी, हे ठरणार. आमचं उलटं. आधी कागदावर रेघ, मग त्या रेघेत बसेल असा दगड कापायचा!

तारा जिच्यावरून जातात ती घोडी. पूर्वी ती हस्तिदंताची, सांबरशिंगाचीही असे. कायद्यानं ते बंद झालं, तेव्हा उंटाचं हाड आलं, आबनूसचं लाकूड आलं, आता कृत्रिम पदार्थांच्याही घोड्या मिळतात. महाग काय, स्वस्त काय, हा वाद तिथं चालत नाही. जवारी, म्हणजे तारेचा तो भरदार, गुंजता नाद, नीट लागते का, एवढंच विचारतात.

मिरजेहून परतल्यावर रियाजाच्या एका खोलीचं काम आलं. खाली संगमरवर, एका बाजूला अख्खी काच. दिसायला देखणी, पण गाणारीचा प्रत्येक स्वर भिंतीवर आपटून परत यायचा. तेव्हा मला जुनी बैठक आठवली: जाजम, गादी, लोड, तक्के, दारांना जाड पडदे. आपण त्याला थाट म्हणत आलो, पण तो कापूस आवाज पितही असतो. मी तेच सगळं आणलं आणि काचेपुढे पुस्तकांचं कपाट उभं केलं. मालकांना काच झाकल्याचं वाईट वाटलं. त्यांच्या मुलीला नाही.

तेव्हापासून लाकडाच्या वखारीत गेले की मी फळ्या वाजवून बघते. परवा वखारवाले म्हणाले, “ताई, नारळ घ्यायला आलात का?”